साहेबापुरता उतार

तुरीला शेंगा धरल्या, ज्वारी पोटऱ्यातून बाहेर आली आणि पहाटे बैलांच्या नाकपुड्यांतून वाफा निघायला लागल्या, की लोकांना हुरडा आठवतो. मला शिसारी येते. दिवस वाईट असतात म्हणून नव्हे. आमच्या हिंगोलीकडं वर्षातले एवढेच दिवस माणसाला जरा सुखानं जगू देतात. ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, वाटा वाळलेल्या असतात, रानात बसून खायला काहीतरी असतं. पण हे साहेबलोकांनाही बरोबर कळतं. पावसाळ्यात आमच्या गावाला सरकार नसतं, उन्हाळ्यातही नसतं. ते येतं गारव्याला, दौऱ्यावर, खाऊनपिऊन परत जायला.

यंदाही दवंडी झाली. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजामी बुडाली, गावानं गुलाल उधळला, चावडीवर तिरंगा लागला. मला भाबडेपणानं वाटलं होतं की या गारव्याला ती दवंडी कानावर पडणार नाही. पण एका सकाळी मी गोठ्यात शेण भरत होतो आणि पांदीच्या तोंडाशी हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका! नव्या साहेबाचा दौरा हाये. घरटी एक मानूस अन् ज्याचे त्याचे दगड घेऊन ओढ्यावर या होऽ!"

आवाज तोच, हलगी तीच, हुकूमही तोच. बदल एवढाच, की 'साहेबाचा'च्या जागी 'नव्या साहेबाचा' असं म्हटलं होतं. मी शेणाची पाटी तिथंच आपटली.

आमचं गाव आणि हिंगोलीची सडक यांच्या मधे एक ओढा आहे. पुढं तो कयाधू नदीला मिळतो. ओढ्यातून पलीकडं जायची जी उथळ जागा, तिला आम्ही उतार म्हणतो. एरवी त्या उतारात गुडघाभर पाणी आणि पोटरीभर काळा गाळ असतो. आखाड-श्रावणात पाणी गळ्याशी येतं, आणि वर कुठं पाऊस झाला की मग गळाही उरत नाही. दुसरी वाट नरसीकडून, अर्ध्या दिवसाच्या वळशाची, आणि तिथं कयाधू आडवी. म्हणजे पावसाळ्यात गाव आणि गावाला लागून असलेला तांडा अलीकडं, आणि दवाखाना, बाजार, रेल्वे, कचेरी, जे काही माणसाच्या उपयोगाचं म्हणून सरकारनं केलं आहे ते सगळं पलीकडं.

दौऱ्याआधी दोन-तीन दिवस सगळं गाव या उतारात उतरायचं. आधी कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे गाळात दाबायचे, त्यावर दगड रचायचे, वर मुरूम पसरायचा, बायकांनी तो पायांनी तुडवायचा. दगड कुठले, तर ज्याच्या त्याच्या शेताच्या बांधाचे. बांधाचा दगड म्हणजे शेतकऱ्याचा जीव. त्यामुळं साहेबाचा टांगा शेवटचा पलीकडं गेला, की ज्यानं त्यानं पाण्यात उतरून आपापले दगड ओळखून काढायचे आणि परत बांधावर नेऊन लावायचे. रस्ता साहेबापुरता. दोन दिवसांत उतार पुन्हा होता तसा. वर्षानुवर्षं आम्ही हे केलं, आणि वर्षानुवर्षं त्याच साहेबांपुढं हात जोडून म्हणत आलो की सरकार, ओढ्यावर पूल द्या. आपणच साहेबाच्या पायाखाली गुळगुळीत रस्ता अंथरतो, मग त्याला पूल कशाला दिसेल, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. आलं तरी पाटलापुढं बोलायची छाती नव्हती.

मी वसमतला मामाकडं राहून शिकलो. शाळेत मास्तरांनी सरकारची उतरंड उर्दूतून पाठ करून घेतली होती. गावात पाटील आणि पटवारी. त्यांच्यावर गिरदावर. त्याच्यावर तहसीलदार. त्याच्यावर दोयम तालुकदार, मग परभणीला अव्वल तालुकदार, त्याच्यावर औरंगाबादचे सुभेदार. त्याहून वर हैद्राबादला वजीर आणि त्यांची कौन्सिल, आणि सगळ्यांच्या डोक्यावर खुद्द हुजूर. एक नाव चुकलं तर छडी बसायची. गावी आल्यावर कळलं, की आमच्या लोकांना हे सगळं न शिकता येतं. ते हुद्दा ओळखायचे कोंबड्यांवरून. एका कोंबडीवर भागलं तर गिरदावर. कोंबड्या आणि वर बकरा लागला तर तहसीलदार. बकरे, तूप, घोड्यांना हरभरा, आणि साहेबाच्या कुत्र्याला वेगळं दूध लागलं, की समजायचं तालुकदार आले. सुभेदार आमच्या गावाला कधी आले नाहीत ही देवाची कृपा, नाहीतर बैलही राहिले नसते. आणि हे सगळं फुकट, वेठीनं. मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला 'न्हाई' म्हणायची सवय नाही.

जर्मनीची लढाई चालू होती त्या काळातली गोष्ट. तांड्यावरच्या जमनाबाईचं रान माझ्या रानाला लागून आहे. तिचे आजे-पणजे लमाणी बैलांवरून मीठ-धान्य वाहायचे. हिनं नवरा वारल्यावर एकटीनं ते चार पट्ट्यांचं रान उभं केलं. बांध तर असा रचलेला, की बघत राहावं. तिची थोरली पोरगी, सोनी, पहिल्या बाळंतपणाला आईकडं आली होती. आखाडात पोरगी अडली. तांड्यातल्या म्हाताऱ्या सुइणीनं हात टेकले आणि म्हणाली, "हिंगोलीच्या दवाखान्यात न्या, माझ्या हातातलं न्हाई." बाजेला दोर बांधून आम्ही चौघं निघालो. ओढ्यावर आलो तर पाणी तांबडंलाल, झाडं वाहून आणत होतं. समोर सडक दिसत होती. सडकेवरून एक बैलगाडी सावकाश हिंगोलीकडं जाताना दिसली, तिच्या गाडीवानानं आम्हाला हात केला. आम्ही बाज काठावर ठेवली आणि पाणी उतरायची वाट बघत राहिलो. सोनी आधी ओरडत होती, मग कण्हत होती, मग काहीच नाही. पाणी उतरलं दुसऱ्या दिवशी.

त्याच गारव्याला तहसीलदाराचा दौरा निघाला. दवंडी तांड्यावरही गेली. घरटी एक माणूस. जमनाबाईच्या घरात आता माणूस म्हणजे तीच, कारण धाकटी रुकमी तेव्हा लहान होती. मी स्वतः पाहिलं आहे. ज्या काठावर बाज टेकवली होती, त्याच काठावरून ती डोक्यावर मुरमाची पाटी घेऊन पाण्यात उतरत होती. आपल्या बांधाचे दगड तिनं स्वतः आणून रचले. पाटील काठावर छत्री लावून उभे, "हां, थितं खड्डा राह्यला, थितं टाका," असं सांगत.

तहसीलदार टांग्यातून आले. चाकाला एक हादरा बसला नाही. अलीकडं उतरून त्यांनी मागं वळून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "रास्ता तो अच्छा-खासा है, पाटील!"

"मेहेरबानी सरकारची," पाटील म्हणाले.

पुलाचा विषय संध्याकाळी चावडीत निघाला. तहसीलदारांनी पान लावता लावता सांगितलं, पूल हे तालुकदारसाहेबांचं काम. पुढच्या वर्षी तालुकदारांनी सांगितलं, मंजुरी सुभ्याची लागते. सुभ्याहून म्हणे कळलं, की तामिराताचं, म्हणजे बांधकामाचं, खातं हैद्राबादला आहे. हैद्राबादहून काही कळलंच नाही. आम्ही दरवर्षी नवा बकरा कापत राहिलो. ती चव अजून माझ्या जिभेवर आहे. माझ्याही पानात तो रस्सा वाढला जायचा, आणि जमनाबाईची पाटी डोळ्यांपुढून हलत नसायची.

सोनी गेली त्या हिवाळ्यात माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आले होते. ते पैनगंगेच्या पल्याड, वऱ्हाडात, मास्तर होते. आमच्याकडं वऱ्हाडाला 'इंग्रजी' म्हणायचे आणि आम्हाला ते 'मोगलाई'. इंग्रजीतला माणूस मोगलाईत आला की त्याची मान आपोआप ताठ व्हायची. हुरडा खाता खाता दाजींनी मला राज्यकारभार शिकवला. त्यांच्याकडं लोकं मतं टाकत, निवडलेली माणसं नागपूरला बसत, गावच्या रस्त्याचं लोकल बोर्ड बघत असे. त्यावर प्रांत, आणि प्रांतावर दिल्ली. इंग्रजानं नवा कायदा केला होता, त्यात सगळे प्रांत आणि संस्थानं मिळून एक संघराज्य करायचं ठरलं होतं. संस्थानिकांनी नखरे केले आणि ते राहून गेलं.

मी विचारलं, "संघराज्य म्हणजे नेमकं काय हो?"

"चार भाऊ वेगळे निघाले, असं समजा," दाजी म्हणाले. "प्रत्येकाची चूल वेगळी. चुलीवर काय शिजवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण विहीर, दारची राखण आणि पाहुण्याशी बोलणं सामाईक. फौज, रेल्वे, टपाल, नाणं ही सामाईक कामं दिल्लीची. पोलीस, जमीन, शाळा, दवाखाना, रस्ता, पूल ही चुलीची कामं प्रांताची. दोघांनी एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही."

मला ते पटलं, आणि पटल्यावर आणखीच संताप आला. आमचं संस्थान तर उलटंच वागत होतं. त्याला स्वतःची फौज हवी, स्वतःची रेल्वे, स्वतःची टपालाची तिकिटं, हाली नाणं वेगळं, नाक्यावर जकात वेगळी. दिल्लीनं करायची सगळी मिरवायची कामं हैद्राबाद हौसेनं करायचं. आणि राज्यानं करायची ती कामं, रस्ता आणि पूल, आमच्या बायका पाटीनं करायच्या.

"तुमच्याकडं सगळं वरून खाली येतं," दाजी म्हणाले. "आमच्याकडं थोडं तरी खालून वर जातं."

"आमच्याकडंबी जातं की," मी म्हणालो. "कोंबड्या, दूध, कडबा."

दाजी हसले, मला हसू आलं नाही. त्यांच्या राज्याचाही तोरा फार टिकलेला नव्हता. लढाई लागली तसे त्यांचे मंत्री राजीनामे देऊन घरी बसले आणि इंग्रज गव्हर्नर एकटाच कारभार हाकत होता. हे मी बोलून दाखवलं तेव्हा दाजींनी हुरड्यातलं कुसळ काढत विषय बदलला. पण एक खरं होतं. त्यांच्या गावच्या ओढ्यावर दगडी मोरी होती, लोकल बोर्डानं बांधलेली. मी तिच्यावरून चालत गेलो आहे. साधी, बुटकी, कठडा फुटलेला. तिच्यावर उभं राहून मला सोनी आठवली होती.

तर आता यंदाची गोष्ट. दवंडी ऐकून मी रानाकडं निघालो तर जमनाबाई बांधावर बसलेली. केस पांढरे झाले आहेत, पण पाठीचा कणा ताठ. शेजारी रुकमी उभी होती. तिचं लग्न गेल्या वर्षी झालं.

"बापू, रुकमीला दिवस गेलेत," जमनाबाई म्हणाली. "सरावनात भरतील. पहिलं हाय, माझ्याकडंच व्हनार."

श्रावणातला ओढा आम्हा दोघांनाही माहीत होता.

"लोकं म्हून राहिले, आपलं राज आलं. हे साहेब आपल्यावानी बोलतेत म्हनं. म्या दगड देते. मुरूम भी टाकते. पर यंदा म्या सोता बोलनार. सरावनाच्या आत पूल पायजे, न्हाई तर लाकडाचा साकव तरी."

तिनं दगड दिले. ओढ्यावर सगळं पहिल्यासारखंच झालं. पऱ्हाट्या, दगड, मुरूम. पाटीलही तेच, छत्रीही तीच. फक्त त्यांच्या डोक्यावरची रुमी टोपी जाऊन पांढरी टोपी आली होती. एवढ्या लवकर टोपी बदलता येते, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही काठांवर यंदा केळीचे खुंट आणि आंब्याची तोरणं. म्हणजे वेठच, पण सजवलेली.

साहेब, म्हणजे कलेक्टरांच्या हाताखालचे नवे अधिकारी, सकाळी जीपमधून आले. नागपूरकडून आणलेला तरुण माणूस, स्वच्छ मराठी बोलणारा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. चावडीपुढं त्यांनी भाषण केलं. तालुकदारी गेली, आता कलेक्टर आले. हैद्राबादला सध्या लष्करी गव्हर्नर आहेत. दिल्लीला देशाची घटना लिहिणं चालू आहे. तिच्यात केंद्राची कामं वेगळी, राज्यांची वेगळी, आणि काही दोघांची मिळून, असं वाटून देणार आहेत. "यापुढं सरकार तुमचं आहे," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींची चार भावांची चूल मला आठवली, आणि क्षणभर, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

टाळ्या थांबल्या तशी जमनाबाई उठली. पाटलांनी डोळे वटारले, तिनं पाहिलंच नाही.

"साहेब, आमाला ओढ्यावर पूल पायजे. सरावनाच्या आत."

"ओढ्यावर?" साहेबांनी आठवून पाहिलं. "पण उतार तर चांगला आहे की. माझी जीप सहज आली."

"थो तुमच्यासाठी केलेला हाय. तुमी गेले की दगड निंगतेत. तुमी आखाडात या साहेब, मंग दाखवते."

कोणीतरी फिसकन हसलं. पाटील पुढं होऊन म्हणाले, "तांड्याची बाई हाय सरकार, बोलायची रीत न्हाई तिला."

साहेबांनी हात करून त्यांना थांबवलं, आणि अगदी समजावून, मास्तरासारखं सांगितलं. पूल हे राज्याचं काम, केंद्राचं नव्हे. पण हैद्राबादचं राज्य अजून रीतसर झालेलं नाही; ते सध्या दिल्लीच्या वतीनं लष्कर चालवतं. घटना होईल, निवडणुका होतील, मंत्रिमंडळ बसेल, मग अशी कामं हातात घेता येतील. तोवर अर्ज करून ठेवा.

"म्हंजी आत्ता ह्ये कोनाचंच काम न्हाई?" जमनाबाईनं विचारलं.

साहेब म्हणाले, "तसं नाही, बाई." पण मग कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. पाटलांनी जेवणाची वर्दी दिली. यंदा तीन बकरे होते.

जेवणं चालली होती तेव्हा जमनाबाई तांड्यातल्या बायकांना घेऊन ओढ्यावर गेली. मी माझ्या रानातून बघत होतो. बायका पाण्यात उतरल्या आणि दगड काढायला लागल्या. दुसऱ्याच्या एका दगडाला त्यांनी हात लावला नाही. जमनाबाईचे आणि तांड्याचे तेवढे उचलले आणि पाट्या भरून बांधावर नेले. पण तांड्याचे दगड सगळे मधोमध होते, कारण खोल पाण्यातलं काम पाटील नेहमी तांड्यालाच द्यायचे.

ऊन कलताना जीप निघाली. काठावरून झोकात उतरली आणि मधोमध बसली. मुरूम वाहून गेलेला, पऱ्हाट्या चाकांना गुंडाळलेल्या. ड्रायव्हरनं जोर लावला तशी ती आणखी खाली गेली. पाणी पायठेवणीवरून आत शिरलं. साहेबांनी पाय वर, बाकड्यावर घेतले. त्यांचे बूट नवे होते.

गाव धावलं. माझी बैलजोडी सोडून आणली, जीपला दोर लावले. पाटील काठावर नाचत होते. तेवढ्यात पलीकडच्या काठावर जाऊन थांबलेली जमनाबाई पाण्यात उतरली आणि गुडघाभर पाण्यात, जीपपासून चार हातांवर, उभी राहिली. तिच्यामागं काठावर रुकमी.

"साहेब," ती म्हणाली, "ह्ये पानी कोनाचं? दिल्लीचं का हैद्राबादचं?"

साहेब तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खाली उतरेल. खरंच वाटलं. त्यांनी एक पाय खाली सोडलाही होता. एकदा त्या गाळात पाय रुतला असता, तर पूल कुणाचं काम आहे ते घटनेची वाट न बघता त्यांना कळलं असतं, असं मी अजून मानतो.

पण पाटील ओरडले, "अरे बघता काय? साहेबाला उचला!"

आणि आमची माणसं धावली. पाटलांचा हुकूम नसता तरी धावली असती, सवयीनं. चौघांनी साहेबांना खांद्यावर घेतलं, एकानं त्यांचे बूट पाण्याला लागू नयेत म्हणून हातात धरले. "अहो, राहू द्या, राहू द्या," असं साहेब म्हणत होते, पण बसलेले होते. त्या चौघांतले दोघं तेच होते, ज्यांनी माझ्याबरोबर सोनीची बाज धरली होती. जमनाबाईच्या शेजारून जाताना साहेबांनी वरूनच सांगितलं, "अर्ज करा, बाई. मी लक्ष घालतो."

पलीकडं त्यांना कोरड्या जमिनीवर ठेवलं. माझ्या बैलांनी जीप ओढून काढली. साहेब गेले, धूळ खाली बसली, आणि पाटील जमनाबाईवर धावून आले.

"काहून केलंस ह्ये? गावाचं नाक कापलंस!"

"साहेब गेल्यावर दगड नेतेत न जो तो? म्या माझे नेले."

"साहेब गेले कुठं व्हते? परत जायाचे व्हते न! आठ दिसांनी कलेक्टर येनार हायेत. ते सगळे दगड परत आनून टाकायचे, समजलं?"

जमनाबाईनं त्यांच्याकडं पाठ केली. ती त्या चौघांकडं बघत होती. ते कमरेपर्यंत भिजून, गाळानं माखून काठावर उभे होते आणि एकमेकांना सांगत होते, की साहेबाच्या बुटाला थेंब लागू दिला नाही. त्यांच्या तोंडावर समाधान होतं.

तिनं रुकमीचा हात धरला, लुगड्याचा ओला काठ पिळला आणि म्हणाली, "पूल न्हाई तर न्हाई रे बाबांनो. पर त्याचे पाय तरी भिजू द्यायचे व्हते."